गाथेला चाल हवी, गाथेला चित्र हवे

कवितेतून निघालेली चित्रे आणि गाणी हा आपला विषय आहे, आणि त्यासाठी या देवगाव रंगारीहून फार दूर जावे लागत नाही. आपल्याच कन्नड तालुक्यात, सातमाळ्याच्या डोंगरात पितळखोऱ्याची लेणी आहेत. तिथल्या कोरीव लेखांत पैठणच्या गंधिक कुळातल्या मितदेवाचे दान नोंदलेले आहे. तिथे सापडलेला आणि आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात असलेला हसरा, बुटका यक्ष कान्हदास नावाच्या सोनाराने घडवला, हेही यक्षाच्या हातावरच्या लेखातून कळते. पितळखोऱ्याचे काम हाल सातवाहन राजाच्या आधी सुरू झालेले. पण अत्तर विकणारा दान देतो आणि सोनार दगडाला हात लावतो, हा जो पैठणच्या आसपासचा समाज, त्याच समाजात पुढे हालाच्या नावावरची 'गाथासप्तशती', प्राकृत गाथांचा संग्रह, जमली. या गाथांनी आपल्याच मुलखात पुन्हा गळ्यात आणि रंगात यायला हवे, आणि ते हालाच्या आख्यायिकांतून नव्हे, तर गाथेच्या छंदातून आणि तिच्या सूचनेतून व्हायला हवे, एवढेच मला आज मांडायचे आहे.

ग्रीकांच्या भावकवितेचे पुढे काय झाले, ते इथे उपयोगी पडते. लेस्बॉस बेटावरची सॅफो इ. स. पूर्व 600 च्या सुमारास गात होती. तिची कविता वाद्याच्या साथीने म्हणण्यासाठीच होती. आज तिच्या रचनांतली जवळपास एकच पूर्ण उरली आहे, बाकीचे तुकडे. चाली तर सगळ्याच गेल्या. तरी इ. स. पूर्व 470 च्या सुमाराच्या, आज म्युनिकला असलेल्या एका मातीच्या भांड्यावर सॅफो आणि तिचा समकालीन आल्कायस, दोघेही हातात तंतुवाद्य घेऊन उभे आहेत. राफाएलने व्हॅटिकनमधल्या आपल्या भित्तिचित्रात तिला बसवले. ब्राम्सने 1884 मध्ये सॅफोच्या कडव्याच्या घाटात लिहिलेल्या एका जर्मन कवितेला चाल दिली, आणि 1942 मध्ये दाल्लापिक्कोलाने क्वासीमोदोच्या इटालियन भाषांतरातले पाच तुकडे गायिकेसाठी बांधले. पण याच परंपरेत एक आडवाटही आहे. प्रेमभंगाने सॅफोने कड्यावरून उडी घेतली, ही पुढच्या नाटककारांनी आणि ओव्हिडने रुजवलेली कथा. ग्रोसारख्या चित्रकाराने 1801 मध्ये ती उडीच रंगवली. चित्र प्रभावी आहे, पण तिच्या ओळींशी त्याचा संबंध नाही. ब्राम्सकडे आणि दाल्लापिक्कोलाकडे घाट किंवा शब्द होते, ग्रोकडे फक्त दंतकथा होती. कोटी गाथांतून सातशे निवडणारा राजा ही आपली दंतकथा. त्या राजाच्या दरबाराची चित्रे काढत बसलो, तर आपणही त्याच आडवाटेला लागू.

'गाथेतून चित्र निघतच नाही' असे मात्र कोणी म्हणू नये. गोवर्धनाची बाराव्या शतकातली 'आर्यासप्तशती' आणि सतराव्या शतकातली बिहारीची 'सतसई' ही गाथेचीच वंशावळ. त्या 'सतसई'वर मेवाडात 1719 मध्ये जगन्नाथाने चित्रमालिका केली, आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कांगड्याच्या चित्रकारांनी तिचे दोहे पानापानांवर रंगवले. म्हणजे गोदाकाठच्या कवितेची नातवंडे हिमालयाच्या पायथ्याशी चित्रांत नांदली. आपल्याकडे स. आ. जोगळेकरांनी 1956 मध्ये गाथासप्तशतीची मोठी मराठी आवृत्ती सिद्ध केली, अभ्यास झाला, भाषांतरे झाली. तशी चित्रांची परंपरा मात्र इथे उभी राहिली नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस उत्तर दख्खनमध्ये रागमालेची अप्रतिम चित्रे झाली, तेव्हा हात नव्हते असे म्हणता येत नाही. मला ही उणीव सलते.

यावर जाणकारांचा एक आक्षेप असतो आणि तो वजनदार आहे. गाथा सूचनेवर जगते. चित्रकाराने सगळे दाखवले की सूचना मेली. आनंदवर्धनाने नवव्या शतकात काश्मिरात बसून ध्वनीचा, म्हणजे सूचित अर्थाचा, पहिला दाखला म्हणून निवडली ती गोदावरीकाठचीच गाथा आहे. फुले तोडायला येणाऱ्या धार्मिक गृहस्थाला एक स्त्री सांगते की आता निर्धास्त फिरा, तुम्हाला भिववणारे ते कुत्रे गोदाकाठच्या झाडीतल्या सिंहाने मारले. अर्थ असा की इकडे फिरकू नका, ही जागा आमच्या भेटीची आहे. हे रंगवायचे कसे? माझे उत्तर असे, की सिंह काढायचा नाही. सिंह फक्त तिच्या बोलण्यात आहे. नदीकाठची जाळी, त्या माणसाच्या हातातली परडी, तिचा निर्विकार चेहरा, आणि पाहणाऱ्याच्या मनात उरलेला सिंह. काय वगळायचे हे ज्याला कळते, त्या चित्रकाराच्या हाती ध्वनी सुरक्षित आहे. रागमालेचे चित्रकार तर ज्याला आकारच नाही तो सूर स्त्री, मेघ आणि हिंदोळा यांतून सुचवत होते.

चालीचा प्रश्न अधिक अवघड वाटतो, आणि मला तिथेच सर्वांत जास्त आशा दिसते. सॅफोची चाल हरवली ती हरवलीच; पंडितांनी तर्काने काही उभे केले, एवढेच. गाथेचा छंद मात्र आर्येचा सख्खा भाऊ. पहिल्या अर्धात बारा आणि अठरा मात्रा, दुसऱ्यात बारा आणि पंधरा. मोरोपंतांनी (1729–1794) याच कुळातली गीती मराठीत इतकी वळवली की कीर्तनात आर्या म्हणणे ही रूढी झाली. नारदीय कीर्तनकारांच्या गळ्यात ती अजून आहे. गीतीच्या दुसऱ्या अर्धात तीन मात्रा जास्त असतात, तेवढाच फरक. म्हणून गाथेसाठी परकी चाल शोधायची गरज नाही. या मोरोपंती आर्येच्या चालीत दुसरा अर्ध तीन मात्रा आधी थांबवला, तर तो आखूडपणा कानाला लगेच कळतो, आणि अर्थाचा धक्का पुष्कळदा तिथेच असतो. ती थांबण्याची जागा गायकाने पुरती वापरावी.

आता एकच शंका उरते: शृंगाराची ही नागर कविता गावात, कुटुंबासमोर कशी मांडायची? रचनेने ती नागर आहे, हे मी मान्य करतो. तिच्यावर संपादकांचा हातही फिरला. वेगवेगळ्या पाठांत मिळून हजाराच्या आसपास गाथा भेटतात, पण सगळ्या पाठांत समान अशा सुमारे 430 च. तरीही तिच्यातली माणसे आहेत नांगर धरणारा हालिक, त्याची बायको, गावचा ग्रामणी, विंध्यातला पुलिंद, पावसाची वाट पाहणारी घरधनीण. रेवा, माधवी, अनुलक्ष्मी अशी कवयित्रींची नावेही परंपरेने जपली आहेत. 1129 च्या सुमाराचा 'मानसोल्लास' सांगतो की महाराष्ट्रात बायका कांडताना ओव्या गातात. कांडणाऱ्या त्या बाईला गाथेतली बाई परकी वाटली नसती, आणि या मंडपात बसलेल्या मायबहिणींनाही वाटणार नाही. शृंगार म्हणून ज्या गाथा बाजूला ठेवाव्याशा वाटतील त्या ठेवा. शेताच्या, पावसाच्या, विरहाच्या गाथा आधी घ्या. निवड करण्याचा अधिकार हालालाही होता, तो आपल्यालाही आहे.

म्हणून या संमेलनाला आलेल्या कीर्तनकारांना माझी विनंती आहे की चर्चा सुरू होण्यापूर्वी एक गाथा मूळ प्राकृतात आणि तिचे मराठी रूप, दोन्ही आर्येच्या चालीत म्हणून दाखवावे. चित्रकारांनी समोर कागद ठेवून ते ऐकावे.