गोचीड कुत्र्यावर नाही, घरात राहते

(उन्हाळी व्याख्यानमालेत एका पशुवैद्यकांनी दिलेले व्याख्यान, थोडे संक्षेपाने.)



गोचीड ताप म्हणजे काय, हे या सभागृहात सांगायला नको. इथल्या कितीतरी जणांनी आपल्या कुत्र्याला सलाईन लागलेलं पाहिलंय. अंगात ताप, अन्न सोडलेलं, हिरड्या पांढऱ्याफटक, कधी नाकातून रक्त, प्लेटलेट घसरलेल्या. तपासणीत एर्लिकिया हा जंतू निघाला तर डॉक्सिसायक्लिन, साधारण 28 दिवस. कुत्रं शेपूट हलवायला लागलं म्हणून गोळ्या मध्येच थांबवू नका, एवढं सांगून पुढे जातो. मला बोलायचंय ते तुमच्या घराबद्दल.

आपल्याकडची तपकिरी गोचीड कुत्र्यावर येते ती फक्त रक्त प्यायला. पोट भरलं की उतरते आणि भिंत चढू लागते. एरंडीच्या बीएवढी फुगलेली मादी चौकटीमागे, स्विचबोर्डामागे, प्लास्टरच्या भेगेत शिरते, हजारो अंडी घालते आणि मरते. पिल्लं कुत्रं शोधतात, रक्त पितात, उतरतात, भेगेत कात टाकतात. पुन्हा रक्त, पुन्हा भेग. उभ्या आयुष्यात तीन जेवणं कुत्र्यावर, बाकी सगळा मुक्काम तुमच्याकडे! (हशा) आणि उपाशी गोचीड महिनोन्‌महिने वाट पाहते.

(मागून आवाज : पण सोसायटीत भटकी कुत्री आहेत त्याचं काय?)

हे मी रोज ऐकतो, आणि मला ते मान्य नाही. पहिली गोचीड बाहेरून आली असेलही. पण तिसऱ्या मजल्यावरच्या तुमच्या पडद्यामागे अंडी निघतात, तिथे भटकं कुत्रं कधी आलं होतं? नाही, मॅडम, तुमच्यावर रागावत नाही. त्या मुक्या जनावराची बाजू कुणीतरी घ्यायला हवी ना.

मद्रासची गोष्ट सांगतो. तिथे साहेबलोकांचा शिकारी क्लब होता, मद्रास हंट. त्यांचे हाउंड कोल्ह्यांमागे धावायचे. 1910 मध्ये पॅटन या संशोधकांना त्या हाउंडांच्या रक्तात, तांबड्या पेशींत, एक नवा परजीवी दिसला. मग तोच कोल्ह्याच्या रक्तातही सापडला. आज आपण त्याला बबेसिया गिब्सोनी म्हणतो. आता बघा, एका बाजूला पाळलेला हाउंड, दुसऱ्या बाजूला रानातला कोल्हा, आणि आजार दोघांच्या रक्तात. बोट कोल्ह्याकडे दाखवणं किती सोपं! पण गोचीड रोग पोचवते, हे त्याआधीच सिद्ध झालेलं होतं. 1893 मध्ये अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि किल्बोर्न यांनी गुरांच्या तापावर ते दाखवलं. रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी दिसला तो 1897 साली, म्हणजे चार वर्षांनंतर. डासाचं नाव घरोघरी पोचलं, गोचिडीचं मात्र…

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं. हा गिब्सोनी नुसत्या डॉक्सीला दाद देत नाही. उपचारानंतरही रक्तात दबून राहतो आणि पुन्हा उसळतो. म्हणून सगळा भर गोचीड रोखण्यावर द्या. तुमच्या डॉक्टरांनी दिलेली गोचिडीची गोळी ठरल्या तारखेला, थंडीतही, चुकवायची नाही. कुत्र्याला गोचीड चावून खाऊ देऊ नका. हेपॅटोझून या परजीवीचा आजार मुख्यतः गोचीड गिळल्याने होतो. भेगा बुजवा. पेस्ट कंट्रोलवाले नुसती फरशी फवारून निघतात, त्यांना चौकटी आणि छताच्या कडा दाखवा, आणि काही आठवड्यांनी परत बोलवा. घरात मांजर असेल तर आधी सांगा, परमेथ्रिन हे कीटकनाशक मांजराच्या जिवावर बेततं. उरलेले प्रश्न बाहेर घेऊ, मी थांबतो.