हळदीचे कुंकू

उतावळ्या माणसाला आपण 'पी हळद अन् हो गोरी' असे हसून ऐकवतो. हळद पिऊन कोणी गोरे होत नाही, हे खरेच. पण हळदीचा स्वतःचा रंग मात्र डोळ्यांदेखत पालटतो. पांढऱ्या सदऱ्यावर कालवण सांडले, पिवळा डाग पडला, म्हणून साबण लावून चोळायला जावे, तर डाग जाण्याऐवजी तांबडालाल होतो! घाबरून चार पाण्यांतून खळबळला की पुन्हा पिवळा. लिंबाचे चार थेंब पिळले तर तेवढाही वेळ लागत नाही. ही जादू नाही. यात रंगाचे शास्त्र आहे, आणि आपल्या कपाळावरच्या कुंकवाची जन्मकथाही आहे.

आधी रंग म्हणजे काय ते पाहू. हळद पिवळी असते, असे आपण म्हणतो. मग अंधाऱ्या कोठीत दिवा न लावता हळदीचा डबा उघडून बघा. कुठे आहे पिवळा रंग? रंग दिसायला तीन गोष्टी लागतात: उजेड, वस्तू आणि डोळा. यातले एक काढून घेतले की रंग नाहीसा होतो.

उजेड पांढरा दिसतो, पण तो एकरंगी नाही. इंग्लंडात न्यूटनने १६६६ च्या सुमारास काचेच्या लोलकातून उन्हाची तिरीप सोडली आणि समोरच्या भिंतीवर तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत रंगांचा पट्टा उमटवला. पावसाळ्यात इंद्रधनुष्यात आपण पाहतो तोच हा पट्टा. तिथे लोलकाचे काम पाण्याचे थेंब करतात. आता हा मिश्र उजेड हळदीवर पडला, की हळद त्यातला जांभळा आणि निळा भाग गिळून टाकते आणि उरलेला परत पाठवते. तो उरलेला उजेड आपल्या डोळ्याला पिवळा दिसतो. म्हणजे बघा, हळदीने जे घेतले ते आपल्याला दिसतच नाही. जे नाकारले तेच आपल्याला रंग म्हणून दिसते!

हे गिळण्याचे काम हळदीतला कुर्क्युमिन नावाचा पदार्थ करतो. तो १८१५ मध्ये प्रथम वेगळा काढण्यात आला. शंभर ग्रॅम हळदीत तो साधारण दोन ते पाच ग्रॅमच असतो, पण तेवढा सगळे भांडे रंगवायला पुरतो. साबण, धुण्याचा सोडा, चुना, राखेचे पाणी हे सारे क्षार. त्यांच्या संगतीत कुर्क्युमिनच्या रेणूमधला हायड्रोजनचा एक कण निघून जातो. एवढ्याशा बदलाने त्याची भूक वाढते. निळ्याबरोबर तो हिरवाही उजेड गिळू लागतो, आणि परत येतो तो मुख्यतः तांबडा. आंबट पदार्थ मिळाला की गेलेला कण परत येतो आणि हळद पुन्हा पिवळी होते. म्हणजे पदार्थ तोच आहे. पाहुणा बदलला म्हणून रंग बदलला.

कुंकू करण्याची आपली जुनी रीत याच शास्त्रावर उभी आहे. हळकुंडांना लिंबाचा रस आणि टाकणखार लावून ती वाळवायची आणि मग कुटून वस्त्रगाळ करायची. लिंबू तर आंबट, मग लाल रंग कसा? टाकणखारातला बोरॉन आंबट रसाच्या साक्षीने कुर्क्युमिनला धरून बसतो आणि एक नवाच लाल पदार्थ तयार होतो. चुन्याने आलेली लाली लिंबाने उतरते. ही लाली लिंबाने उतरत नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातले केम हे गाव कुंकवासाठी प्रसिद्ध आहे. रसायनशास्त्राचे पुस्तक न उघडता ज्यांनी ही कृती बसवली, त्यांच्या निरीक्षणाला हात जोडावेत!

रंगाला भुलून मात्र जाऊ नये, हेही इथेच सांगतो. हळद जितकी पिवळीधमक तितकी चांगली, अशी आपली समजूत असते. याच समजुतीचा फायदा घेऊन हळदीला लेड क्रोमेट नावाचा शिशाचा पिवळा रंग चोळण्याचे प्रकार बांगलादेशात आणि आपल्या देशातही उघडकीला आले आहेत. शिसे लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. देवाला लावायचा शेंदूर हाही मुळात शिशाचाच. तो मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नये. तेव्हा डोळे दिपवणाऱ्या रंगापेक्षा ओळखीच्या शेतकऱ्याची साधी हळद बरी.

इथवर उजेड, वस्तू आणि डोळा या तिघांची गोष्ट झाली. पण माणसाच्या बाबतीत चौथा एक भागीदार असतो, तो म्हणजे मन. अंगाला हळद लागली म्हणजे लग्न ठरले. नवऱ्याची उष्टी हळद नवरीला लागते. जेजुरीला तीच हळद भंडारा होते आणि खंडोबाच्या गडावर सारा आसमंत पिवळा होतो. काळा रंग शुभकार्यात नको, असे म्हणणारे आपणच मंगळसूत्रात काळे मणी ओवतो आणि संक्रांतीला काळी चंद्रकळा नेसतो. काळा रंग ऊन शोषून घेतो, त्यामुळे थंडीत तो उबदार, हेही जाता जाता लक्षात ठेवावे. युरोपात नवरी पांढऱ्या पोशाखात असते. चीनमध्ये पांढरा रंग परंपरेने शोकाचा आणि नवरीचा पोशाख लाल.

इतक्या दूर कशाला जायचे? आपल्याकडे लाल म्हणजे सौभाग्य, असे आपण धरून चालतो. पण पूर्वी महाराष्ट्रात ज्या घरांत विधवेचे केशवपन होत असे, तिथे त्या बाईला आलवण नेसावे लागे. आणि आलवणाचा रंग कोणता? लालच! कपाळावर जो रंग सौभाग्याचा, अंगावर तोच रंग वैधव्याचा. उजेडाचे नियम दोन्हीकडे तेच होते. फरक केला तो माणसाने. शुभ आणि अशुभ हे गुण ना उजेडात आहेत, ना कुर्क्युमिनमध्ये.

श्रोतेहो, ही केवळ शब्दांची कसरत नाही. चैत्रात आणि संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघर हळदीकुंकू होते. वाण लुटले जाते, चार बायका एकत्र बसतात. आणि त्याच गल्लीतली एखादी बाई, जिचा नवरा वारला आहे, आपले दार लोटून घरात बसते. मुलीला वाढवले तिने, लग्नाचा खर्च उभा केला तिने. पण हळद लावायची वेळ आली की तिला कोपऱ्यात उभे राहावे लागते. नवरा गेला त्या दिवशी तिचे कुंकू पुसले, बांगड्या फोडल्या. दुःख तर होतेच. त्यावर आपण रंगाची शिक्षाही दिली.

हे बदलता येते का? कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचे गाव आहे. करोनाच्या साथीत गावोगाव तरुण माणसे गेली होती आणि कोवळ्या वयाच्या बायका मागे राहिल्या होत्या. हेरवाडच्या ग्रामसभेने ४ मे २०२२ रोजी ठराव केला की कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे या प्रथा आपल्या गावात बंद. ते राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचे वर्ष होते. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवण्याचे आवाहन केले. ठराव झाला म्हणजे सारे झाले, असे नव्हे. कागदावरचा ठराव ओसरीवर यायला वेळ लागतो. सासूने सुनेला कुंकवाची कोयरी पुढे करावी लागते, शेजारणीने बोलावणे धाडावे लागते. तिने कुंकू लावावे की न लावावे, हे तिचे तिने ठरवावे. पण पुसण्याचा अधिकार इतरांनी घेऊ नये, एवढेच सांगणे आहे.

शेवटी गुरुजींना आणि बाईंना एक विनंती. पुढच्या आठवड्यात वर्गात हळद कालवा. टिपकागदाच्या पट्ट्या त्यात बुडवून सावलीत वाळवा. उन्हात नको, कारण ऊन हळदीचा रंग फिका करते. धुवूनही न निघणारा हळदीचा डाग उन्हात टाकला की उतरतो तो त्यामुळेच. मग एका पट्टीवर साबणाचे पाणी, दुसरीवर चुन्याची निवळी, तिसरीवर लिंबू, चौथीवर राखेचे पाणी असे थेंब मुलांनाच टाकू द्या. चुन्याला हात मात्र तुम्हीच लावा. कोणती पट्टी लाल झाली, कोणती पिवळीच राहिली, ते मुलांना वहीत लिहू द्या. लाल झालेल्या पट्टीवर लिंबू पिळून तिला पुन्हा पिवळी करून दाखवा.

आणि मग मुलांना एक प्रश्न विचारा: 'या पट्टीला शुभ म्हणायचे की अशुभ?' मुले हसतील. हसू द्या. त्यांतल्या एखाद्या मुलाची आई घरी दार लोटून बसत असेल. त्या संध्याकाळी तो घरी जाऊन तिला काय सांगतो, यासाठी एवढा खटाटोप.