डोळ्यातल्या चांदण्या आणि न दुखणारा पडदा

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत केलेलं बोलणं)



मागच्या महिन्यात आपण काही जणी रत्नागिरीला डोळे तपासायला गेलो होतो. तिथे दोघींचं काय निघालं ते नीट सांगते, कारण गावात अजून उलटसुलट बोलणं चालू आहे.

एका आजींच्या डोळ्यात थेंब टाकले. अर्ध्या तासाने बाहुली मोठी झाल्यावर डॉक्टर आत बघून म्हणाले, "आजी, तुमच्या डोळ्यात तर चांदणं पडलंय." झालं! बाकावरच्या सगळ्या घाबरल्या. पण ते साधं आहे. डोळ्याच्या पोकळीत ताडगोळ्यासारखी पारदर्शक जेली असते. उतारवयात कधी कधी तिच्यात कॅल्शियमचे बारीक कण अडकतात, बहुधा एकाच डोळ्यात, आणि उजेड पडला की चमकतात. डब्लिनच्या डॉ. बेन्सन यांनी १८९४ सालीच हे लिहून ठेवलंय. नजरेला सहसा काही होत नाही. आजींना तर पत्ताच नव्हता.

दुसरी ताई काजूगर सोलणारी. "मी अजून सुई ओवते, मला कशाला थेंब?" म्हणून उठूनच चालली होती. सात वर्षं शुगर आहे. तिच्या पडद्यावर रक्ताचे ठिपके निघाले. पडदा म्हणजे डोळ्याचं मागचं अस्तर, ज्यावर चित्र उमटतं. शुगरमुळे तिथल्या नाजूक रक्तवाहिन्या झिरपतात. मधोमध सूज येईपर्यंत किंवा जेलीत रक्त उतरेपर्यंत बाईला काही कळत नाही. गेलेली नजर पुष्कळदा पुरती परत येत नाही. लेझर, इंजेक्शनने मुख्यतः आहे ती टिकवायची. धारावीत डॉ. एस. नटराजन यांच्या आदित्य ज्योत फाउंडेशनने वस्तीत जाऊन शुगरवाल्यांचे पडदे तपासले ते याचसाठी.

आजींच्या चांदण्यांना सगळ्या भ्यायल्या, हिच्या ठिपक्यांचं कोणी विचारलंसुद्धा नाही!

आता घाईची गोष्ट. डोळ्यापुढे एखादी काळी माशी वर्षानुवर्षं तरंगते, ती बहुतेकदा निरुपद्रवी. पण अचानक ठिपके खूप वाढले, कडेला वीज चमकल्यासारखं झालं, बाजूने सावली सरकत आली, तर त्याच दिवशी निघायचं. पडदा फाटून सुटत असू शकतो. दुखत नाही, म्हणून आपण म्हणतो, "लावणी झाली की जाऊ." मधला भाग सुटायच्या आत ऑपरेशन झालं तर नजर वाचायची शक्यता बरीच जास्त. जाड मायनस नंबरवाल्या, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या, डोळ्याला मार बसलेल्या बायकांनी तर थांबूच नये.

शिबिरात नुसती अक्षरं वाचून घेतली म्हणजे पडदा बघितला असं नाही. विचारायचं, "थेंब टाकून बघणार ना?" शुगर असेल तर वर्षातून एकदा तरी. थेंबांनंतर काही तास धूसर दिसतं, म्हणून सोबत माणूस हवं.

गटातून म्हशीला कर्ज उचलतो, मुलाच्या फीला उचलतो, आणि स्वतःच्या डोळ्यासाठी एसटीचं भाडं मागायला लाजतो. मला हे पटत नाही. काजूवाल्या ताईला येत्या गुरुवारी परत बोलावलंय. सकाळच्या गाडीने तिच्यासोबत कोण जाणार, ते आज ठरवूनच उठू.