वेदनेच्या पेशींची वर्गवारी



पायात काटा रुतला की ती कळ वाहून नेणाऱ्या चेतापेशी पाठीच्या कण्यालगतच्या गुच्छिकांत असतात. स्पर्श, खाज, उष्णता व वेदना यांच्या पेशी तेथे शेजारी शेजारी नांदतात. पूर्वी आकारमान, संदेशवहनाचा वेग आणि मोजकी प्रथिने यांवरून त्यांची वर्गवारी होई. परंतु सारख्या दिसणाऱ्या पेशींचे कार्य सारखेच असते, असे नाही.

प्रत्येक पेशीत जनुके तीच असतात. त्यांतील कोणती कार्यरत आहेत, यावर पेशीचे कार्य ठरते. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील शास्त्रज्ञांनी उंदराच्या ६२२ चेतापेशी एकेक करून तपासल्या. प्रत्येकीतील आर.एन.ए.वरून कार्यरत जनुकांची नोंद घेऊन २०१५ साली त्यांनी ११ प्रकार मांडले.

याचे महत्त्व रुग्णाला आहे. अफूजन्य वेदनाशामके मेंदूवरही परिणाम करतात व व्यसन जडण्याचा धोका असतो. वेदनेची पेशी नेमकी ओळखता आली, तर स्पर्शाला धक्का न लावता तेवढीच शांत करणारे औषध शोधता येईल. मात्र उंदीर आणि मनुष्य यांच्या पेशींत फरक आहे. म्हणून मरणोत्तर अवयवदान करणाऱ्यांच्या चेतापेशींचाही असाच अभ्यास होत आहे. दात्याचे दान असे ज्ञानाच्याही उपयोगी पडते, हे आपण ध्यानी घ्यावे.