सरड्याची धाव



सरड्याची धाव कुंपणापर्यंत, ही म्हण आपण एखाद्याला हिणवण्यासाठी वापरतो. आज आम्हांला ती शब्दशः घ्यावयाची आहे. सरड्याला कुंपण असते हे खरेच. मात्र ते काट्याकुट्यांचे नसून हवेचे असते, आणि डोंगराळ मुलखात ते जसे उघड दिसते तसे सपाटीवर दिसत नाही.

सरडा, पाल, सापसुरळी या मंडळींना आपण थंड रक्ताचे प्राणी म्हणतो. शब्द फसवा आहे. उन्हात बसलेल्या सरड्याचे रक्त आपल्याइतके ऊन असू शकते. आपण खाल्लेल्या अन्नातून ऊब निर्माण करतो. तो ती सूर्याकडून नाहीतर तापलेल्या दगडाकडून उसनी आणतो. म्हणून ऊन आणि सावली यांमधील येरझारा हाच त्याचा दिनक्रम. आता डोंगर चढू लागले की दर १००० मीटरांना हवा सुमारे ६.५ अंशांनी थंड होते. थंड मातीत पुरलेली अंडी उबावीत कशी? लडाखात ४००० मीटरांच्याही वर राहणारा फ्रिनोसेफॅलस थिओबाल्डी नावाचा एक सरडा आहे. त्याची मादी अंडी घालीतच नाही. पिले पोटात वाढवते आणि त्यांना घेऊन स्वतः उन्हात बसते.

डॅनियल जॅन्झेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६७ साली एक गमतीचे विधान केले : उष्ण कटिबंधातल्या खिंडी अधिक उंच असतात. मोजपट्टीने नव्हे, प्राण्याच्या दृष्टीने. थंड देशातला दरीतला प्राणी वर्षभरात कडाका आणि उन्हाळा दोन्ही भोगतो. खिंडीतली थंडी त्याला अगदीच परकी नसते. उष्ण देशात मात्र दरी बारमाही उबदार आणि माथा बारमाही गार. दरीतल्याला माथा सोसत नाही, माथ्यावरच्याला दरी सोसत नाही. मग माथ्यावरचा प्राणी बेटावर राहिल्यासारखा राहतो. भोवती समुद्र नसतो, खालची गरम हवा असते.

दक्षिणेतील पालघाटची खिंड घ्या. ३०-४० किलोमीटर रुंदीचे हे खिंडार सह्याद्रीच्या रांगेत पडलेले आहे. त्याच्या उत्तरेस निलगिरीवर, सोलांच्या गार, दमट रानात, सालिया वंशातील एक सरडा राहतो. दक्षिणेस आनैमलैच्या उंच रानात त्याच वंशातील दुसरी जात. माणूस ते खिंडार आगगाडीने सहज ओलांडतो. सरड्याला ते समुद्राएवढे आहे.

हवाच तापू लागली तर अशा बेटांवर काय होते, याचे उत्तर मेक्सिकोतून आले. बॅरी सिनर्व्हो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९७५ पासून ज्यांच्या नोंदी होत्या अशा २०० ठिकाणी पुन्हा जाऊन काटेरी खवल्यांचे सरडे शोधले. २०१० साली त्यांनी प्रसिद्ध केले की शंभरातल्या १२ ठिकाणांहून ते नाहीसे झाले आहेत. ते भाजून मेले असे समजू नका. ऊन असह्य झाले की सरडा सावलीत बसतो, आणि बसला की त्याचे किडे टिपणे थांबते. वसंतात, विणीच्या ऐन दिवसांत, हे सक्तीचे तास वाढले तर मादीला पोषण पुरत नाही. पायथ्याचा सरडा निदान वर सरकू शकेल. माथ्यावरच्याने जावे कोठे?

आता आपल्या साताऱ्याकडे या. ठोसेघरजवळच्या चाळकेवाडीचे पठार हजार मीटरांहून उंच आहे. जांभ्या दगडाचा उघडा सडा, झाड नावाला. पावसाळ्यात धुके आणि वारा, उन्हाळ्यात तवा. पाहणारा म्हणेल, पडीक जमीन. पण याच सड्यावरच्या सरड्याला २०१६ साली सरडा सुपर्बा असे शास्त्रीय नाव मिळाले. वंशाचे नाव आपल्या मराठी ‘सरडा’ शब्दावरूनच घेतले आहे, याचा आम्हांला थोडा अभिमान वाटतो! पावसाळ्यापूर्वीच्या उन्हात नर दगडावर चढतो आणि गळ्याखालचा निळा, काळा, नारिंगी पंखा उघडून मादीला दाखवतो. त्याला दाट रान नको. उघडा दगड हवा.

या पठारावर पवनचक्क्या फिरत आहेत. मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी २०१८ साली तेथील निरीक्षणे प्रसिद्ध केली. चक्क्यांजवळ शिकारी पक्षी फारच थोडे, त्यामुळे सरडे सुमारे तिप्पट. वाटेल, बरेच झाले की! पण दाटी झाल्याने सरडे रोडावले होते, माणूस जवळ गेला तरी लवकर पळत नव्हते, आणि नरांच्या पंख्याचा रंग फिका पडला होता. विजेची गरज आम्हीही जाणतो. चक्क्या उपटा असे सांगण्यास आम्ही आलेलो नाही. मात्र चक्की कोठे उभारावी हे ठरवताना सड्याला पडीक समजून जो निर्णय होतो, तो आम्हांला मान्य नाही. रानातल्या प्राण्याला शेजारचे रान असते. सड्यावरच्याला चहूबाजूंनी कडा, आणि कड्याखाली निराळी हवा आहे.