खटल्याला नाव कुणाचं?
(उरवडे येथे तरुणांसमोर केलेलं भाषण)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, सिनेमाचा समीक्षक नाही. पण रात्री जेवण झालं की तुमच्यासारखाच मोबाईलवर खुनांच्या खऱ्या गोष्टींवरचे सिनेमे बघतो. त्याबद्दलच बोलतो.

आपल्याकडची दोन प्रकरणं घ्या. पुण्यात १९७६-७७ मध्ये अभिनव कला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांच्या टोळीने दहा जणांचे खून केले. जक्कल, सुतार, जगताप आणि मुनव्वर शाह या चौघांना १९८३ मध्ये येरवड्यात फाशी झाली. या प्रकरणाला आपण ‘जोशी-अभ्यंकर हत्याकांड’ म्हणतो. म्हणजे मेलेल्यांच्या नावाने ओळखतो.

त्याआधी साठच्या दशकात मुंबईत फुटपाथवर, झोपड्यांत झोपलेली माणसं रात्री डोक्यात घाव घालून मारली जात होती. १९६८ च्या ऑगस्टमध्ये आरोपी सापडला. ते प्रकरण ‘रमण राघव’. मारणाऱ्याच्या नावाने! त्याच्यावर १९९१ मध्ये श्रीराम राघवन यांनी सिनेमा केला. २०१६ मध्ये अनुराग कश्यप यांनी त्याच्या नावावरून दुसरा केला. रघुवीर यादव आठवतात, नवाजुद्दीन आठवतो. मेलेल्यांपैकी एक तरी नाव कुणाला सांगता येईल? मला नाही आलं.

जोशी-अभ्यंकरांची आठवण राहिली ते योग्यच झालं. तेवढीच आठवण फुटपाथवरच्या माणसाच्या वाट्याला का येत नाही, एवढाच माझा प्रश्न आहे.

खुद्द रमण राघवही बेघर आणि मनोरुग्ण होता. त्या आजारामुळेच हायकोर्टाने १९८७ मध्ये त्याची फाशी रद्द करून जन्मठेप दिली. १९९५ मध्ये तो पुण्यात ससूनला वारला. पण रस्त्यात स्वतःशी बोलणारा कुणी दिसला की आपण त्याला हेच नाव देऊन हसतो.

आता आपल्या घरचं. कॉलेजात असताना हॉस्टेलवर ‘माफीचा साक्षीदार’ बघितला. संपल्यावर एक मित्र म्हणाला, “त्यात तुमच्यातला एक होता ना?” मी गप्प बसलो. टोळीचा म्होरक्या जक्कल होता, पण त्याच्याबद्दल कुणाला असं विचारलं जात नाही. खरं तर उत्तर सोपं होतं. होता, आणि तो गुन्हेगार होता. तुरुंगात लिहिलेल्या आत्मकथनाला त्याने स्वतःच ‘येस, आय अ‍ॅम गिल्टी’ असं नाव दिलं. गुन्हा त्याचा. आपण तो लपवायचा नाही आणि अंगावरही घ्यायचा नाही.

पण पुढचं ऐका. २०१९ मध्ये गावित मायलेकींच्या प्रकरणावरचा ‘पोशम पा’ आला. पाकीटमारी करणाऱ्या, लहान मुलं पळवून मारणाऱ्या या बायका. सिनेमा बघून मी म्हणालो, “असल्या वस्तीत हेच चालायचं.” म्हणजे मित्राने माझ्याशी जे केलं, तेच मी दुसऱ्यांशी केलं. तिघींच्या गुन्ह्यासाठी अख्खी वस्ती आरोपी केली.

आपण इथे उरवड्यात बसलोय. ७ जून २०२१ ला इथल्या कारखान्यात आग लागली आणि कामगार गेले. त्यात बहुतेक बायका होत्या. तो अपघात होता, खुनाची गोष्ट नव्हे. पण बाहेरच्यांच्या लक्षात तिथेही फक्त आकडा राहिला. गरीब माणूस मेला की तो आकडा होतो, ही सवय सिनेमाने लावलेली नाही. सिनेमा ती फक्त पक्की करतो.

सिनेमे बघू नका असं मी म्हणत नाही. संपल्यावर मात्र दोन प्रश्न विचारा. जो मेला तो कोण होता? आणि एकाच्या गुन्ह्यासाठी मी मनात किती जणांना पकडलं?