पडद्यावरील ईर्यासमिती



जैन आचारातील पाच समितींपैकी पहिली ईर्यासमिती. पुढची चार हात भूमी निरखून, कोणत्याही जीवास इजा होणार नाही अशा बेताने पाऊल टाकावे, हा तिचा अर्थ. ती मुनींसाठी सांगितली असली, तरी तिच्यातील विवेक श्रावकाच्या घरातही उपयोगी पडतो. आज त्या घरातील सात-आठ वर्षांचे मूल मोबाईलच्या पडद्यावर चालू लागले आहे. तेथील भूमी निरखण्यास त्याला कोण शिकविणार?

ही जबाबदारी पालकांइतकीच प्राथमिक शिक्षकाची आहे. म्हणून तिची तयारी अध्यापक विद्यालयातच व्हावयास हवी. दोन वर्षांच्या डी.एल.एड. अभ्यासक्रमात छात्राध्यापक भाषा-गणिताचे पाठ टाचण काढतो, सराव पाठ घेतो. ऑनलाईन सुरक्षिततेचा पाठही त्याने तसाच घ्यावा. तिसरीच्या वर्गात एका मुलाने खेळातील अनोळखी सोबत्याची भूमिका करावी. पत्ता, छायाचित्र, ओटीपी मागावा आणि दुसऱ्याने नकार देण्याचा सराव करावा. चौथीच्या वर्गात भाषासमितीचा विचार मांडता येईल. वर्गमित्राची टिंगल करणारे चित्र पुढे पाठविणे, हीदेखील हिंसाच होय.

तथापि, सर्वांत कठीण पाठ ऐकून घेण्याचा आहे. घाबरलेले मूल काही सांगू लागले की बहुधा पहिला प्रश्न येतो, ‘मोबाईल हातात घेतलासच कशाला?’ तो ऐकून मूल गप्प होते आणि फसविणाऱ्यास नेमके तेच हवे असते. म्हणून छात्राध्यापकाने ‘सांगितलेस, हे चांगले केलेस’ एवढे शब्द प्रथम उच्चारण्याची सवय लावून घ्यावी. संदेश पुसून टाकू नयेत, तो पुरावा असतो. ‘कोणालाही सांगणार नाही’ असे वचनही देऊ नये. कारण लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ च्या कलम १९ नुसार अशा गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. बालकांच्या मदतीसाठी १०९८ आणि ऑनलाईन आर्थिक फसवणुकीसाठी १९३० हे दूरध्वनी क्रमांक त्यास मुखोद्गत असावेत.

सुवर्णमहोत्सवी वर्षात न्यासाने आपल्या पाठशाळेचा एक वर्ग छात्राध्यापकांच्या अशा सराव पाठांसाठी खुला करावा. त्यास मोठा निधी लागणार नाही. एखादे मूल जरी भय सोडून वेळीच बोलले, तरी अभयदानाचे पुण्य न्यासाच्या पदरी पडेल.

जय जिनेंद्र!